डिकेटरमधली ही 'पुस्तकातली घरं' म्हणजे काय?

भटकी_वैदेही: आम्ही अमेरिकेत जॉर्जियातल्या डिकेटरला नवीन आलोय, मॅकडोनो आणि ॲडम्स स्ट्रीटच्या बाजूला संध्याकाळी चक्कर असते आणि तिथले जुने बंगले बघून पाय निघत नाही. बुटकं उतरतं छप्पर, पुढे आलेली वळचण, तिच्याखाली उघडी वाशांची टोकं, ऐसपैस पोर्च. दोन घरं तर सेम टू सेम, फक्त एकाचा पोर्च डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे! शेजारच्या आजी म्हणाल्या ही पुस्तकातली घरं. सिअर्स या कॅटलॉगमधून माल विकणाऱ्या कंपनीची घरं रेल्वेने यायची, तीच का?

विटामाती: नाही हो, ती वेगळी. सिअर्स 1908 ते 1940 घरं विकायचं, त्यात लाकूडसामान पण यायचं. आजी म्हणतात ती प्लॅन-बुकची, म्हणजे घरांच्या नकाशांच्या पुस्तकातली. त्यात फक्त नकाशा मिळायचा, पुस्तकात घर पसंत करायचं, ड्रॉइंग मागवायचं आणि गावातला कॉन्ट्रॅक्टर तिथलंच लाकूड-विटा वापरून बांधायचा, त्यामुळे कोणी नकाशा उलटा करून घेतला, कोणी खोली वाढवली. तुमच्या भागात लीला रॉस विल्बर्न या आर्किटेक्ट बाईची घरं नक्की शोधा. जन्म 1885, मेकनचा, शिकली तुमच्या डिकेटरच्याच ॲग्नेस स्कॉट शिक्षणसंस्थेत, आणि बायका या धंद्यात जवळपास नव्हत्याच तेव्हा अटलांटात स्वतःचं ऑफिस चालवलं. 'सदर्न होम्स अँड बंगलोज' हे तिचं पुस्तक 1914 चं. साध्या नोकरदार माणसाला आर्किटेक्टने आखलेलं घर परवडलं ते अशा पुस्तकांमुळे, मला याचं फार अप्रूप वाटतं.

जुनानकाशा: ओळखायचं तर दर्शनी भागावर जाऊ नका, पोर्च नंतर बंद केलेला असतो, खांब बदललेले असतात. आतली मांडणी बघा, फायरप्लेस कुठे, हॉलमधून डायनिंगला कसं जाता येतं, आणि ते पुस्तकातल्या नकाशाशी ताडून बघा, आरशात उलटा धरून पण. सोबत सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्यासाठी काढलेले, एकेक घर दाखवणारे जुने नकाशे काढा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर भरपूर आहेत फुकट. रंगीत प्रतीत लाकडी घर पिवळं, विटांचं गुलाबी, आणि पोर्च तुटक रेषेने दाखवलेला, म्हणजे मूळ पोर्च केवढा होता ते लगेच कळतं. दोन वेगळ्या सालांचे नकाशे शेजारी ठेवलेत तर घर साधारण कधी उभं राहिलं तेही समजतं.

सुताररंधा: घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो. तो भाग मॅक हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शहराने जपायला ठरवलेल्या जुन्या वस्तीत येतो, बाहेरून काही बदलायचं तर आधी शहराची मंजुरी लागते. नुसतं नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नाव असेल तर स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या मालकावर तसं बंधन नसतं, लोक दोन्हीत गल्लत करतात. आणि जुन्या लाकडी खिडक्या कृपया काढू नका!! दोरी तुटली म्हणून खिडकी वर टिकत नाही एवढंच असतं बऱ्याचदा, त्या दोरीला बाजूच्या चौकटीत वजन लटकलेलं असतं, नवी दोरी ओवली की झालं. फक्त रंग खरवडायच्या आधी शिसं तपासा, 1978 च्या आधीच्या घरात असू शकतं.

भटकी_वैदेही: बापरे, केवढं सांगितलंत, थँक्यू सगळ्यांना! घ्यायचं अजून काही ठरलं नाहीये. त्या जुळ्या घरांपैकी एकात आजींची ओळख आहे, आत बघायला मिळालं की मांडणी कागदावर उतरवून इथे टाकते, विल्बर्नच्या पुस्तकाशी ताडून बघाल ना?