मदत हवी आहे : जीपचं स्टिअरिंग थडथडतं, शिम (पातळ पत्र्याची चकती) किती काढावी?

वडिलांची 1989 ची फोर बाय फोर डिझेल जीप मी घरीच दुरुस्त करतोय. 45-50 च्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग जोरात थडथडायला लागतं. गाडी जवळजवळ थांबवावी लागते. परवा माळशेज उतरताना असंच झालं, आई शेजारी होती, खूप घाबरली.

टायरची हवा, बॅलन्सिंग पाहिलं. टाय रॉडची दोन्ही टोकं नवी टाकली, कमानी पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही तपासले. मग पुढचा ॲक्सल स्टँडवर घेऊन चाक वर-खाली हलवलं. डावीकडे स्पष्ट खेळ आहे. मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितला तरी खेळ गेला नाही. म्हणजे व्हील बेअरिंग नाही, किंगपिनचंच (चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं ती खुंटी) बेअरिंग, असं माझं मत.

नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) उघडून बेअरिंग कपासकट, म्हणजे बाहेरच्या कड्यासकट, बदलणार आहे, आतलं ऑइल सीलही. अडलंय ते शिमपाशी. शिम काढली की बेअरिंग घट्ट होतं हे कळतं, पण कुठे थांबायचं? सील बसवण्याआधी ताणकाट्याने (स्प्रिंगच्या वजनकाट्याने) नकल ओढून बघतात म्हणे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी काटा किती किलोवर ठेवला, आणि शिम वरखाली सारख्याच ठेवल्या का, कृपया सांगा. रविवारी काम काढतोय.