चुंबक ठेवल्यावर मीडियन नर्व्हमधल्या संदेशाचा वेग घटतोय, हा चुंबकाचाच परिणाम का?

खाडीकाठ (रत्नागिरी): एम.एस्सी. प्रोजेक्ट आहे. मीडियन नर्व्ह (हातातला एक मुख्य मज्जातंतू), त्यातले मोटर म्हणजे स्नायू हलवणारे तंतू, मनगट ते कोपर 200 मिमी. दोन्ही ठिकाणच्या लेटन्सीतला (विजेचा झटका दिल्यापासून स्नायूचा प्रतिसाद येईपर्यंतच्या वेळेतला) फरक 3.6 मिलिसेकंद, म्हणजे 55.6 मी./से. मधल्या भागावर 50 मिमीचं निओडिमियम चुंबक (पृष्ठभागावर 0.4 टेस्ला) दहा मिनिटं ठेवलं की 3.8, म्हणजे 52.6. सहाही जणांत असंच. आयनांवरचं लॉरेंट्झ बल (चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या विद्युतभारावर लागणारं बल) हे कारण लिहू का?

सड्यावरचा: नका लिहू. पेशीपटलावर 70 मिलिव्होल्ट, जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे क्षेत्र मीटरला एक कोटी व्होल्टच्या घरात. आयन सेकंदाला एक मीटर धावतो असं धरलं (खरा वेग त्याहून फारच कमी) तरी 0.4 टेस्लाचा वाटा 0.4 व्होल्ट प्रति मीटर. वेग 10 टक्के घटवायला 24 टेस्लाच्या आसपास लागेल, असा 1980 चा सैद्धांतिक अंदाज आहे. एमआरआय 1.5 किंवा 3 टेस्लाचं असतं.
तुमचा चोर बहुधा तापमान आहे. एसी खोलीतला थंड धातू दहा मिनिटं कातडीवर! हात एक अंश गार झाला की वेग साधारण 2 मी./से. उतरतो, तुमच्या 3 मी./से.ला सगळे 200 मिमी दीड अंश गार झाले तरी पुरतं; फक्त चुंबकाखालचे 50 मिमी गार झाले तर पाचेक अंश लागतील. थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) चिकटवा, कातडी 32 अंशांवर ठेवा, चुंबकही तेवढंच कोमट करून घ्या. आणि तेवढ्याच वजनाची पितळी चकती ठेवून तेच माप घ्या. कुठली चकती आहे हे माप घेणाऱ्याला कळता कामा नये.

गुहागर_इएमजी: घामही बघा. पावसाळ्यात इथे स्टिम्युलेटरच्या (विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) दोन टोकांमध्ये खारट ओल साचते, करंट वरच्यावर निघून जातो, स्टिम्युलस अपुरा पडतो आणि लेटन्सी लांबते. स्पिरिटने पुसून कोरडं करा. स्नायूच्या प्रतिसादाचं अँप्लिट्यूड (उंची) वाढायचं थांबलं की आणखी 20 टक्के करंट द्या, दोन्ही वेळा. अंतर मोजायची टेपही पुन्हा लावा: 200 मिमीत 10 मिमीची चूक म्हणजे 5 टक्के, तुमचा सगळा फरक तेवढाच आहे.

सड्यावरचा: हो, आणि इलेक्ट्रोडच्या वायरी एकमेकींत पिळून घ्या. वायरींचा 50 चौ. सेंमी.चा फास मोकळा राहिला आणि चुंबक 0.2 सेकंदात जवळ आणलं, तर 10 मिलिव्होल्ट तिथेच निर्माण होतात. स्थिर ठेवून मगच स्टिम्युलस द्या.

खाडीकाठ: मग चुंबकाने नर्व्ह चेतवतात ते कसं?

गुहागर_इएमजी: ते बदलतं क्षेत्र. टीएमएसची (डोक्याजवळ कॉइल धरून चुंबकीय स्पंदांनी मेंदू चेतवायच्या तंत्राची) कॉइल 0.1 मिलिसेकंदात 2 टेस्लापर्यंत चढते, म्हणजे सेकंदाला 20,000 टेस्ला. त्यातून ऊतींमध्ये विद्युतक्षेत्र उभं राहतं आणि नर्व्ह पेटते ती त्याने. एमआरआयमध्ये हात एकमेकांत गुंफू नका म्हणतात तेही यासाठीच: हातांचा बंद फास झाला की यंत्राच्या ग्रेडियंट कॉइलच्या झपाट्याने बदलत्या क्षेत्राने झिणझिण्या येतात.