फौंड्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिस ठेवावं की व्हॅल्कीवर जावं?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची छोटी टीम आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना सॉफ्टवेअर करून देतो: हीट नंबर, रिजेक्शन, डिस्पॅच. सर्व्हर फौंड्रीतच असतो. डेटाबेस पोस्टग्रेस, आणि वजनकाट्याच्या नोंदी रांगेत लावायला रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारं सॉफ्टवेअर). आता एका फौंड्रीच्या परदेशी गिऱ्हाइकानं सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक घटकाच्या लायसन्सची यादी मागितली आहे. रेडिसपुढं काय लिहायचं, तिथं अडलोय. आणि उद्या परत नियम बदलले तर?

रंकाळाकाठ
आधी व्हर्जन बघा. ७.२ पर्यंतचं रेडिस बीएसडी लायसन्सखाली आहे, म्हणजे जवळपास कशालाही वापरू देणारं मोकळं लायसन्स. दिलेलं लायसन्स कुणी मागं घेऊ शकत नाही. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीनं धोरण बदललं आणि ७.४ पासून आरएसएएल किंवा एसएसपीएल ही जास्त बंधनांची लायसन्स लागू झाली. ही बंधनं मुख्यतः रेडिसच सेवा म्हणून विकणाऱ्यांसाठी आहेत, तुमच्या वापराला अडचण नाही. पण कुठलं लायसन्स ओपन सोर्स ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मान्य यादीत ती दोन्ही बसत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाचा लीगलवाला प्रश्न विचारणारच. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा पर्याय आला (ओपन सोर्स, पण बदललेला कोड नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही द्यायला लावणारं लायसन्स), पण बऱ्याच कंपन्या तेही नको म्हणतात. मी व्हॅल्की घेईन. रेडिस ७.२.४ च्या कोडवरून फुटलेला वेगळा प्रकल्प (फोर्क), लायसन्स बीएसडी, सांभाळ लिनक्स फाउंडेशन या संस्थेकडं.

उजळाईवाडी
कंपनीचीही बाजू आहे की. पगार देऊन कोड लिहायचा त्यांनी, आणि क्लाउडवाल्यांनी तो विकून पैसे करायचे. एलास्टिकसर्च या सर्चच्या सॉफ्टवेअरनं २०२१ मध्ये लायसन्स बदललं ते याच भांडणातून.

गोकुळशिरगाव
बाजू मान्य, पण शिरोलीकर, तुम्ही नुसतं लायसन्स बघून थांबू नका. ताबा कुणाकडं आहे ते बघा. रेडिसचं जुनं लायसन्स इतकं मोकळं होतं की पुढची व्हर्जन्स बंद करायला कंपनीला काहीच आडवं आलं नाही. पोस्टग्रेसचं लायसन्सही तसंच मोकळं आहे, तरी मी डोळे झाकून पोस्टग्रेस घेतो. कारण त्यांच्या कोअर टीममध्ये एका कंपनीची माणसं निम्म्यापेक्षा जास्त नसावीत असा दंडक आहे. २०२० मध्ये एका कंपनीनं दुसरी विकत घेतल्यावर हे गणित बिघडलं, तेव्हा दोन नवे सदस्य घेऊन त्यांनी ते सावरलं. याला म्हणतात प्रकल्प सांभाळणं!

उलट वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस बघा. कोड जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली, पण प्लगइनच्या डिरेक्टरीच्या किल्ल्या एका हातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीच्या एसीएफ प्लगइनची तिथली जागाच काढून घेतली. डिसेंबरमध्ये कोर्टाचा आदेश आला तेव्हा ती परत मिळाली. तालीम सगळ्या पेठेची आणि जागेचा उतारा एकट्याच्या नावावर, अशी गत.

शिरोलीकर
पटलं. आमच्याकडं जुन्या फौंड्र्यांत ७.२ आहे, नवीन दोन ठिकाणी ७.४. सरळ फाइल उचलून व्हॅल्कीत टाकली तर चालेल?

रंकाळाकाठ
७.२ ची डंप फाइल (डेटा साठवलेली फाइल) व्हॅल्की वाचतं. ७.४ ची वाचत नाही, फॉरमॅट पुढं गेलाय. तुमची नुसती रांग आहे ना? मग रविवारी काटा बंद असताना नवीन नोंदी थांबवा, रांग रिकामी होऊ द्या आणि व्हॅल्की कोरं चालू करा. इन्फो कमांडमध्ये रेडिस व्हर्जन ७.२.४ दिसलं तर घाबरू नका, रेडिसला जोडणारे जुने प्रोग्राम चालावेत म्हणून व्हॅल्की तसं सांगतं. खाली सर्व्हरच्या नावापुढं व्हॅल्की आहे का तेवढं बघा.