चार्टमध्ये वेळ कधी लिहायची
प्रश्न असा की अमेरिकेत इमर्जन्सी व्हिजिटचा बिलाचा कोड आता डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर ठरतो का, तर नाही, या व्हिजिटच्या 99281 ते 99285 कोडना वेळ धरतच नाहीत, आणि 2023 पासून हिस्ट्री-तपासणीचे मुद्दे मोजणंही गेलं, लेव्हल, म्हणजे या पाचपैकी कोणता कोड, ती मुख्यतः डॉक्टरांनी काय विचार करून निर्णय घेतला त्यावर ठरते. म्हणून हार्ट अटॅक नाही हे कशावरून ठरवलं तेही त्यांना लिहायला सांगा, नुसतं छातीत दुखत होतं, घरी सोडलं एवढ्यावर कोडर, म्हणजे नोट वाचून कोड लावणारा, काय करणार!

वेळ हवी ती क्रिटिकल केअरला, म्हणजे जीव धोक्यात असलेल्या पेशंटच्या उपचाराला, त्याच्या 99291 कोडसाठी किमान 30 मिनिटं, त्यात इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालण्याची) मिनिटं धरायची नाहीत कारण त्याचं बिल वेगळं होतं. ती वेळ नोटमध्ये नसली की डॉक्टर तासभर पेशंटपाशी उभे असले तरी कोड लावता येत नाही, फार वाईट वाटतं तेव्हा.