धूमकेतूंचा उगम: २०० वर्षांचा नियम आता काढून टाकावा का?

ध्रुव: आवर्तकाल २०० वर्षांपेक्षा कमी असेल तर धूमकेतू कायपर पट्ट्यातला (नेपच्यूनपलीकडचा चपटा बर्फाळ पट्टा), जास्त असेल तर ऊर्ट मेघातला (सौरमालेला फार दूरवरून वेढणारा धूमकेतूंचा साठा), असं अजूनही सर्रास शिकवलं जातं. माझ्या मते हा नियम बंद करावा. हॅलेचा आवर्तकाल सुमारे ७६ वर्षं, म्हणजे नियमानुसार तो कायपरचा. पण त्याच्या कक्षेचा कल १६२ अंश आहे, तो ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो! चपट्या पट्ट्यातून असा धूमकेतू येणं फार अवघड. त्यापेक्षा धूमकेतूच्या कक्षेचं गुरूशी नातं सांगणारा टिसरँड अंक (टी) काढा:

टी = ५.२/अ + २ × कोसाइन(क) × √[(अ/५.२)(१ − उ²)]

अ म्हणजे अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांबीचा अर्धा; खगोलीय एककांत, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत), उ उत्केंद्रता (कक्षा किती लांबट; १ पेक्षा जास्त म्हणजे परत न येणारी), क कल; ५.२ हा गुरूचा अक्ष. ६७पी या धूमकेतूसाठी अ ३.४६, उ ०.६४, क ७ अंश घातले की टी २.७५ येतो. २ ते ३ म्हणजे गुरू-कुटुंब, त्यांचं मूळ नेपच्यूनपलीकडच्या विखुरलेल्या चकतीत. हॅलेचा टी येतो उणे ०.६, म्हणजे तो या कुटुंबाबाहेरचा.

अरुंधती: पूर्ण असहमत. टी फक्त गुरूशी असलेलं आजचं नातं सांगतो. टी ३ पेक्षा जास्त म्हणजे सहसा लघुग्रह; एन्के धूमकेतूचा टी ३.०३ आहे, मग त्याला लघुग्रह म्हणायचं का? आणि १३३पी एल्स्ट-पिझारो तर मंगळ-गुरूमधल्या लघुग्रह पट्ट्यात राहूनच शेपूट काढतो. उगम विचारायचा तर पाणी तपासा. ६७पी च्या पाण्यात ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालं, हार्टली २ मध्ये जवळपास समुद्राइतकंच. दोन्ही गुरू-कुटुंबातलेच. तुमच्या सूत्राने हा फरक दिसतो का?

ध्रुव: नाही दिसत, कारण तो वेगळा प्रश्न आहे. जन्म कुठे झाला हे एक, आणि नंतर अब्जावधी वर्षं मुक्काम कुठे होता हे दुसरं. ऊर्ट मेघातले धूमकेतूसुद्धा तिथे तयार झालेले नाहीत; ते महाग्रहांच्या परिसरात जन्मले आणि बाहेर फेकले गेले. टी मुक्कामाबद्दल बोलतो. एन्के अपवाद आहे हे मान्य, पण २०० वर्षांचा नियम तर हॅलेसारख्या अख्ख्या गटाला चुकीच्या घरी पाठवतो.

सप्तर्षी: दोघंही ऊर्ट मेघ गृहीत धरून चाललात. तो कुणी पाहिलाय? १९५० मध्ये यान ऊर्ट यांच्यापुढे नीट मोजलेल्या अवघ्या १९ कक्षा होत्या. पाठ्यपुस्तकात 'प्रस्तावित' हा शब्द हवाच.

रोहिणी: मेघ दिसत नाही, पण पुरावा भक्कम आहे. आत येणाऱ्या धूमकेतूंच्या मूळ (ग्रहांनी ढळण्याआधीच्या) कक्षांचा १/अ काढला की ०.०००१ च्या आत मोठी गर्दी दिसते, म्हणजे अ १०,००० एककांपेक्षा जास्त. ग्रहांमधून एकच फेरी झाली तरी १/अ सहज ०.०००५ ने हलतो. म्हणजे ही गर्दी जुन्या पाहुण्यांची असूच शकत नाही, ती कधीच विस्कटली असती.

याचा ताळा करताना हमखास होणारी चूक: उपसूर्याजवळची (सूर्याला सर्वात जवळच्या बिंदूजवळची) सूर्यकेंद्री उत्केंद्रता तशीच उचलणे. २०२४ च्या ऑक्टोबरात दिसलेल्या सी/२०२३ ए३ या धूमकेतूची ती १ पेक्षा किंचित जास्त भरते, आणि लगेच 'आंतरतारकीय' (सौरमालेबाहेरून आलेला) अशी आरोळी उठते. कक्षा ग्रहांच्या बाहेरपर्यंत मागे न्या, केंद्र सूर्याऐवजी सौरमालेचं वस्तुमानकेंद्र घ्या, मगच १/अ काढा. खरा आंतरतारकीय कसा असतो? २आय/बोरिसोव्ह: उत्केंद्रता ३.३६. तिथे संशयाला जागाच नाही.

सप्तर्षी: गणित मान्य, पण वायूच्या झोतांचं काय? केंद्रकातून निघणारे झोत कक्षा ढकलतात, आणि १/अ च्या पाचव्या-सहाव्या दशांश स्थळावर बोलायचं तर तेवढा धक्का पुरेसा आहे.

रोहिणी: हा आक्षेप खरा आहे. म्हणून उपसूर्याच्या आधीची, शक्य तितक्या दूरची निरीक्षणं वेगळी घेऊन कक्षा बसवावी. साधारण ३ एककांपलीकडे पाण्याच्या बर्फाचे झोत मंदावतात. पण कार्बन मोनॉक्साइड तिथेही उडत असतो. बर्नार्डिनेली-बर्नस्टाइन धूमकेतू तर २० एककांपलीकडेच सक्रिय झालेला दिसला. तेव्हा अशा धूमकेतूंसाठी झोतांचं बल समीकरणात स्वतंत्र पद म्हणून घालावंच लागतं.