एन३ : जपानी उतारा समोर आला की धडधडायला लागतं, काय करू?

पर्वती_पायथा
नमस्कार मंडळी, डिसेंबरला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ पातळी देतेय. बोलायची भीती नाही, लिसनिंगपण ठीक जातं, पण उतारा समोर आला की छातीत धडधडतं. क्लासमध्ये सुटी सुटी कांजी (जपानीतली चिनी लिपीतून आलेली चिन्हं) विचारली तर पटापट सांगते आणि तीच उताऱ्यात दिसली की डोकं ब्लँक, एकच ओळ परत परत वाचत बसते. आई म्हणते अभ्यास कमी पडतोय, पण तसं नाहीये हो. असं अजून कोणाला होतं का?

कृष्णाकाठ
होतं गं, खूप जणांना होतं. १९९९ साली साइतो, गार्झा आणि हॉरविट्झ यांनी अमेरिकेत फ्रेंच, रशियन, जपानी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात वाचनाची भीती ही भाषेच्या एकूण भीतीपेक्षा वेगळी निघाली आणि सगळ्यात जास्त घाबरलेली जपानीवाली मुलं. मला तर पटतं, रशियन लिपी एकदा बसली की निदान उच्चार तरी करता येतो, कांजी अडली की तोंडातून आवाजच निघत नाही.

तादोकू_प्रेमी
रोज थोडं तादोकू, म्हणजे भरपूर सोपं वाचन, करा. तुमच्या लेव्हलपेक्षा सोपं पुस्तक घ्यायचं, डिक्शनरी उघडायची नाही, अडलं ते सोडून पुढे जायचं, कंटाळा आला तर दुसरं पुस्तक. जपानमधल्या तादोकूवाल्या संस्थेच्या साइटवर फुकट पुस्तकं आहेत, फुरिगाना (कांजीजवळ बारीक अक्षरात लिहिलेला उच्चार) असतो. भीती जायला सोपंच वाचायला हवं, एन३ चे उतारे घोटून ती वाढते.

एन२_पुणे
एक विचारू, वाचताना मनात इंग्रजी करता का? आपली पुस्तकं इंग्रजीतून असतात म्हणून सवय लागते. त्याऐवजी मराठीत धरा. 'किनो वाताशी गा कात्ता होन' म्हणजे 'काल मी विकत घेतलेलं पुस्तक', अगदी त्याच क्रमाने! इंग्रजी करायला गेलं की आधी पुस्तकापर्यंत जाऊन परत मागे यावं लागतं, लांब वाक्यात तर दोन-दोनदा, तिथेच दम लागतो. मराठीत डोळे सरळ पुढे जातात, क्रियापद शेवटी येणार हे आपल्याला लहानपणापासून अंगवळणी आहे.

पर्वती_पायथा
हो हो, इंग्रजीच करते मी! आत्ता एक छोटा उतारा मराठीत धरून वाचला, अडखळले पण मागे नाही गेले. पण वेळेचं काय करू?

एन२_पुणे
ग्रामर आणि रीडिंगला मिळून ७० मिनिटं असतात, ग्रामर आधी छापलेलं असतं म्हणून उतारे घाईत येतात. तुम्ही उतारे आधी सोडवून बघा, फक्त गोल भरताना नंबर नीट बघा. चुकीला मार्क कापत नाहीत, कोरं काही ठेवू नका. रीडिंगला ६० पैकी १९ लागतातच, आणि एकूण १८० पैकी ९५, म्हणजे प्रत्येक ओळ कळलीच पाहिजे असं मुळीच नाही. पुढच्या रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर असा सोडवा आणि इथे कळवा.