मदत हवी आहे: सासऱ्यांच्या पणजोबांचं इंग्लंडमधलं गाव कसं शोधायचं?

रेवती_
दोन महिने डोकं फोडतेय, कुणीतरी मार्ग सांगा. सासऱ्यांचे पणजोबा जॉन सोन्याच्या मागे इंग्लंडहून इथे आले, खाणीत राबले, १८८९ साली बेंडिगोला वारले. त्याच्या आधीचं काहीच हाती लागत नाही. एका साइटची वर्गणी भरली, तिने पन्नासएक जॉन समोर ओतले. गाव ‘बेंडिगो’ टाकून मृत्यूची नोंद शोधली तर शून्य. सासरे पुढच्या महिन्यात ८० पूर्ण करतायत, त्यांच्या हातात त्या गावाचं नाव ठेवायचंय. लवकर सांगा.

वाटसरू
सोन्याच्या मागे म्हणजे कॅलिफोर्निया. न्यूयॉर्कला उतरले असतील तर १८५५ ते १८९० पर्यंत सगळे कॅसल गार्डनमधून जायचे. लोक उगाच एलिस आयलंडच्या याद्या चाळत बसतात, ते १८९२ ला सुरू झालं. मी स्वतः यात सहा महिने घालवलेत.

निशिगंध
वाटसरू, बेंडिगो ऑस्ट्रेलियात आहे हो, व्हिक्टोरियात.
रेवती, आडनाव? साल? लग्न इकडे की तिकडे? पंथ कुठला? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

रेवती_
हो, आम्ही मेलबर्नला असतो, लिहायचं राहून गेलं. आडनाव चारचौघांत देऊ नको म्हणाल्यात सासूबाई. लग्न बहुतेक इकडेच. घरात मेथडिस्ट चर्चची जुनी प्रार्थनेची पोथी आहे. साल माहीत असतं तर विचारलं असतं का?

चहाबाज
सरळ सासऱ्यांची डीएनए चाचणी करा. थुंकी पाठवायची, दीड-दोन महिन्यांत निकाल. मला तीन चुलत भावंडं सापडली.

आबा
चहाबाज, डीएनएने नातेवाईक सापडतात, गाव नाही. समोरच्यालाही आपलं गाव ठाऊक नसेल तर दोघं मिळून अंधारात. आधी कागद, मग थुंकी.

चहाबाज
आबा, तुमचे कागद चुकीचे असतात त्याचं काय? त्या साइटवर दुसऱ्यांनी टाकलेल्या वंशावळीत मुलगा बापाच्या आधी जन्मलेला पाहिलाय मी.

आबा
ती वंशावळ झाली. मी मूळ नोंदीबद्दल बोलतोय.

कुंदाताई
आमच्याकडे हे किती सोपं! त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांची मोडीतली सही निघाली, शेजारी गाव आणि भावांची नावं. गुरुजींनी वही उघडली तेव्हा मला रडू आलं. इंग्लंडात अशा वह्या नसतात का?

निशिगंध
असतात की ताई, पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, बाप्तिस्मा-वह्या. पण आधी पॅरिश कळायला हवी.
रेवती, तुझी अडचण बहुधा इथे आहे. बेंडिगोचं अधिकृत नाव १८९१ पर्यंत सँडहर्स्ट होतं. ‘सँडहर्स्ट’ टाकून बघ. आणि नुसत्या यादीवर थांबू नकोस, मृत्यूच्या मूळ दाखल्याची प्रत मागव. व्हिक्टोरियात १८५३ पासून सरकारी नोंदणी आहे आणि तिथला मृत्यूचा दाखला म्हणजे सोनं: आईबाप, बापाचा धंदा, जन्मगाव, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी, मुलांची नावं-वयं, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या ब्रिटिश वसाहतीत (आताच्या राज्यात) किती वर्षं.

वाटसरू
जहाजाची यादी का नाही बघत? व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागाराची अनुक्रमणिका ऑनलाइन आहे, फुकट.

निशिगंध
बघावी, पण स्वखर्चाने आलेल्यांच्या यादीत बरेचदा फक्त नाव, वय आणि ‘मजूर’. गाव नाही मिळत.

रेवती_
सापडले!! सँडहर्स्टच होतं. प्रत आली. वय ६३. वडील थॉमस, खाणकामगार. आईच्या नावापुढे ‘मेरी’, बस. ‘दक्षिण ऑस्ट्रेलिया ३ वर्षं, व्हिक्टोरिया ३७ वर्षं’. जन्मगाव मात्र वाचता येत नाही. ‘ग्वि’ आणि पुढे दोन उभ्या काड्या, मग ‘नॅप’. पुढे कॉर्नवॉल. नकाशात असं गाव नाही.

आबा
ग्वेनॅप! रेडरुथजवळची तांब्याच्या खाणींची पॅरिश. लिहिणाऱ्याने कानावर पडलं तसं लिहिलंय. मेथडिस्टही जुळतं, त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली तिथल्या खड्ड्यात उभं राहून हजारोंना उपदेश करायचे. आणि ती तीन वर्षं बहुधा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बुर्राच्या तांब्याच्या खाणीत. १८५२ च्या सुमारास तिथले कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचे, लोक सोन्यासाठी व्हिक्टोरियात आले, म्हणजे मेलबर्नच्या जहाजांत त्यांना शोधूच नका, ॲडलेड बघा. बाय द वे, कॉर्निश माणसाला इंग्रज म्हटलेलं तिकडे आवडत नाही.

चहाबाज
आडनावावरून कळलं असतं हे पहिल्याच दिवशी.

निशिगंध
जन्म १८२६ च्या आसपासचा, म्हणजे जन्मदाखला नाहीच, तिकडे नोंदणी १८३७ पासून. बाप्तिस्माच बघायचा. कॉर्नवॉलच्या पॅरिश क्लार्क स्वयंसेवकांनी वह्यांतल्या नोंदी ऑनलाइन टाकल्यात, फुकट. १८५१ ची जनगणना सोड, तोवर ते इकडे आले होते. १८४१ ची बघ, पण त्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात आणि गाव नसतं, जन्म त्याच परगण्यात का एवढंच.

रेवती_
दोन जॉन निघाले, १८२५ आणि १८२७, दोघांचेही वडील थॉमस. एकाची आई मेरी, दुसऱ्याची एलिझाबेथ. मेरीवाला १८४१ मध्ये ग्वेनॅपमध्येच आहे, वय १५, घरात थॉमस, मेरी आणि पाच भावंडं. एलिझाबेथवाला लहानपणीच गेला, दफनाची नोंद आहे. हेच ना आमचे? आता ॲडलेडची जहाजं कुठल्या वर्षापासून चाळू, १८४८ की ४९?